सपोर्ट ग्रुप, हरिपाठ आणि एक महागडं शिबिर: डिप्रेशनमध्ये वापरून बघितलेल्या गोष्टींचा रिव्ह्यू

मिक्सर घ्यायचा असला तरी आपण तासभर रिव्ह्यू वाचत बसतो, पण डिप्रेशनसाठी सपोर्ट ग्रुपला जावं का, तिथे कोण असतं, मध्येच रडायला आलं तर काय करतात, हे मी शोधत होते तेव्हा मला मराठीत काही म्हणजे काही मिळालं नव्हतं. जे मिळालं ते सगळं "सकारात्मक विचार करा" टाइप. म्हणून हा रिव्ह्यू, आणि तो लांबणार आहे. ज्यांच्यात आत्ता लांब वाचायची ताकद नाही (माहितीये मला, तिसरी ओळ वाचेपर्यंत पहिली विसरायला होतं) त्यांच्यासाठी निकाल आधीच देऊन टाकते. ग्रुपला पाचपैकी साडेचार. आमच्या इथल्या विठ्ठल मंदिरातल्या हरिपाठाला चार. आणि हॉटेलात भरलेल्या त्या "ऊर्जा" शिबिराला शून्य देता येत नाही म्हणून एक. डॉक्टर आणि गोळ्यांना मी स्टार देत नाहीये, ते आधी, बाकी सगळं त्याच्यावर.

ग्रुपचं नाव लिहिणार नाही. भांडण वगैरे काही नाही, त्यांचा नियमच आहे की ऑनलाइन नाव, फोटो, लोकेशन काही टाकायचं नाही, कारण येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी माहितीच नसतं ते कुठे जातात ते. पुण्यात आहे, शनिवारी संध्याकाळी एका जुन्या शाळेच्या वर्गात भरतो, एवढं पुरे. तुमच्या गावातला असा ग्रुप शोधायचा असेल तर आपल्या सायकिॲट्रिस्टला किंवा त्यांच्याकडच्या सोशल वर्करला सरळ विचारा, त्यांना माहिती असतं पण आपण विचारल्याशिवाय सांगायचं त्यांना सुचत नाही. नाहीतर १४४१६ ला फोन लावा, ती टेली मानस नावाची सरकारी हेल्पलाइन आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी एकदा पहाटे लावला होता. पलीकडच्या बाईंनी काही शिकवायला न जाता फक्त विचारलं की आत्ता घरात कोण जागं आहे. तेवढ्यानं ती पहाट निघाली.

थोडं माझ्याबद्दल, म्हणजे कुणाचा रिव्ह्यू वाचताय ते कळेल. चाळिशीतली, एका कंपनीत अकाउंट्स बघते, घरी नवरा, सासूबाई आणि दहावीतला मुलगा. नवरा चांगला, पगार चांगला, सासूबाई तर माझ्यापेक्षा हौशी, म्हणजे "तुला कसलं टेन्शन गं" हा प्रश्न विचारायची सगळ्यांना पूर्ण मुभा. मला टेन्शन नव्हतंच. मला पहाटे चारला जाग यायची आणि छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटायचं, मग दिवसभर काहीच वाटायचं नाही. गॅस पेटवून भांडं ठेवायचं विसरायचे. ऑफिसमध्ये एक्सेल उघडून तासभर त्याच सेलमध्ये. डॉक्टरांनी पहिल्यांदा थायरॉइड आणि बी ट्वेल्व्ह करून घ्यायला लावलं, ते नॉर्मल आलं, मग गोळी सुरू केली आणि तेव्हाच सांगून ठेवलं की लगेच उद्या बरं वाटणार नाही, दोन ते चार आठवडे जातील, कधी जास्त, आणि बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करायची नाही. गोळीनं झोप आली, भूक आली, रडू थांबलं. पण एक गोष्ट तशीच राहिली, ती म्हणजे लाज. आपण सोडून सगळं जग नीट चाललंय आणि आपल्यालाच साधी वेणी घालता येत नाहीये याची लाज. त्यासाठी डॉक्टरांनी ग्रुप सुचवला.

आता ग्रुप. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, हा पहिला मायनस. बाकांवर नाही बसवत, खुर्च्या गोल मांडतात. चालवणारा माणूस डॉक्टर नाही आणि कौन्सेलरही नाही, तो स्वतः डिप्रेशनमधून गेलेला, त्यासाठी ट्रेनिंग घेतलेला. मी गेले तेव्हा एसटीतनं रिटायर झालेले एक काका चालवायचे. दारातच त्यांनी मला विचारलं, "आज आंघोळ झाली का ताई?" मी दचकले, खोटं बोलायचंही सुचलं नाही, म्हणाले नाही झाली. तर ते म्हणतात, "मागल्या वर्षी मीपण असाच आलोतो. बसा, पंख्याखालची सोडून कुठलीही खुर्ची घ्या, तो आवाज करतो." झालं, एवढंच स्वागत. ना फॉर्म, ना "तुमच्या प्रवासाबद्दल सांगा".

सुरुवातीला दोन मिनिटं सगळे गप्प बसतात. मग ज्याला बोलायचंय त्यानं बोलायचं, पाच-सात मिनिटं, घड्याळ समोर असतं. नाही बोलायचं तर "पास" म्हणायचं, कुणी का म्हणून विचारत नाही. मी बरेच शनिवार पासच म्हणत होते. नियम भिंतीवर लावलेले आहेत: इथलं बोलणं इथेच. सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही. "तुम्ही असं करा" नाही, "मी असं केलं" असं बोलायचं. दुसऱ्याच्या गोळ्यांवर आणि डोसवर बोलायचं नाही, ते डॉक्टरला विचारा. देवावर बोला, देव नाही असंही बोला, पण दुसऱ्याला देव विकायचा नाही (हे वाक्य काकांचं, भिंतीवर जरा सभ्य भाषेत आहे). आणि कुणी जिवाचं बरंवाईट करायच्या विचारांबद्दल बोललं तर त्याला एकट्याला घरी जाऊ द्यायचं नाही, त्याला विचारून घरच्यांना किंवा डॉक्टरला फोन लावायचा. हे मी एकदा होताना बघितलंय. कुणी ओरडलं नाही, कुणी "असं बोलू नये" म्हणालं नाही, काका त्या मुलाच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले, मीटिंग दुसऱ्या ताईंनी पुढे चालवली, आणि त्याचा भाऊ येईपर्यंत काका त्याच्याशी क्रिकेट बोलत होते.

सल्ला न देण्याचा नियम ऐकायला सोपा वाटतो पण आपल्याकडे तो पाळणं किती अवघड आहे बघा. आपल्या घरात दुखणं सांगितलं की समोरचा दोन सेकंदात उपाय सांगतो, सकाळी फिरायला जा, गार पाण्यानं अंघोळ कर, माहेरी जाऊन ये, आणि तो उपाय आपण केला नाही की दोष आपला. त्या वर्गात तुम्ही बोलता आणि पुढे शांतता असते. पहिल्यांदा ती शांतता खायला उठते. मग कळतं की कुणीतरी नुसतं ऐकलं.

एक रिक्षावाले दादा यायचे. ते एकदा म्हणाले की मला स्टँडवर भाडं आलं तरी उठावंसं वाटत नव्हतं, मागच्या सीटवर जाऊन झोपायचो आणि मीटर डाऊन दाखवायचो, म्हणजे लोकांना वाटेल गाडी भाड्यात आहे. सगळे हसले, तेपण हसले, आणि मी जी एक्सेल उघडून तासभर बसायचे ना, ते मला तिथे पहिल्यांदा सांगता आलं. मला वाटतं ग्रुपमध्ये औषध असेल तर ते एवढंच आहे. तुमच्यापेक्षा सहा महिने पुढे असलेला माणूस समोर बसून बिस्किट खातोय. डॉक्टर म्हणतात बरं वाटेल, तर मन म्हणतं ते म्हणणारच, त्यांचा धंदा आहे. पण ज्या माणसानं मीटर डाऊन करून झोपा काढल्या तो आज भाडी मारून, कपडे बदलून इथे आलाय, त्याला काय म्हणणार?

नवऱ्याला हे पटत नव्हतं. "हे लोक डॉक्टर नाहीत, आजारी माणसं आजारी माणसांना काय बरं करणार" असं त्याचं म्हणणं, आणि प्रश्न काही चुकीचा नाही. मग मी बरी व्हायला लागल्यावर थोडं वाचलं. गोव्यात संगाथ या संस्थेनं १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक साध्या लोकांना ट्रेनिंग देऊन त्यांना डिप्रेशनच्या पेशंटशी बोलायला बसवलं, ६ ते ८ बैठका, मुख्य भर कशावर तर दिवसातली छोटी छोटी कामं परत सुरू करण्यावर, आणि नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा त्याची जोड दिली तर जास्त लोक बरे झाले, हे २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. तिकडे झिम्बाब्वेत हरारे शहरात डिक्सन चिबांडा नावाच्या सायकिॲट्रिस्टनं २००६ मध्ये दवाखान्याबाहेर बाकं टाकून त्यावर आज्या बसवल्या. खरोखरच्या आज्या, वस्तीतल्या. लोक येऊन त्यांच्याशी बोलतात, आणि त्याचाही नीट अभ्यास होऊन उपयोग होतो असं निघालं. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या गावांमध्येही आत्मीयता नावानं गावातल्याच माणसांना असं शिकवून काम झालंय. आता हे सगळे लोक स्वतः डिप्रेशनमधून गेलेले होते असं नाही, त्यामुळे आमच्या ग्रुपसारखंच ते आहे असं मी म्हणणार नाही, पण डॉक्टरची डिग्री नसलेला माणूस नीट शिकवला तर कामाचा असतो एवढं नवऱ्याला दाखवायला ते पुरलं. आता तो मला सोडायला येतो आणि खाली वडापाव खात थांबतो.

तक्रारी. तीन मजले चढणं, गुडघे दुखणाऱ्यांचं काय? बाथरूम शाळेच्या मुलांच्या मापाचं. चहा पाणचट. शाळेला सुट्ट्या लागल्या की वर्ग मिळत नाही, आणि नेमकं दिवाळीत, जेव्हा एकटं माणूस सगळ्यात एकटं असतं, तेव्हा दोन-दोन आठवडे मीटिंग नाही. काही लोक घड्याळाला जुमानत नाहीत, एक गृहस्थ दरवेळी प्रॉपर्टीच्या केसवर बोलायचे, काका त्यांना कसे थांबवायचे ते बघण्यासारखं असायचं पण दरवेळी थांबायचेच असं नाही. आणि मोठी अडचण, जी कुणी आधी सांगत नाही: बरी झालेली माणसं यायची बंद होतात. साहजिक आहे, बरं झाल्यावर कोण शनिवार घालवणार. पण त्यामुळे वर्गात कायम नवे, कायम खोल पाण्यातले लोक जास्त, आणि पुढे गेलेले दोन-तीनच. ज्या शनिवारी ते दोन-तीनही आले नाहीत तेव्हा मी घरी जड होऊन परत आलेय. आमच्या काकांनी त्यावर एक काढलं, शेवटच्या फेरीत प्रत्येकानं या आठवड्यात झालेली एक छोटी गोष्ट सांगायची, कितीही फालतू. केस धुतले. लाइटबिल भरलं. बहिणीचा फोन उचलला. ही फेरी चुकवू नका, निघायची घाई असली तरी.

व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात फक्त मीटिंगचा निरोप येतो, बाकी ॲडमिनशिवाय कुणी लिहू शकत नाही. मला आधी ते कोरडं वाटलं होतं. पण सूर्योदयाच्या फोटोवर "आनंदी राहणं तुमच्या हातात आहे" असं सकाळी सहाला येऊन पडणं हे डिप्रेशनवाल्याला किती लागतं ते ज्यांना लागलंय त्यांनाच कळेल, त्यामुळे बंद आहे ते उत्तम.

आता शिबिर. नाव नाही लिहीत. ओळखीच्यांनी खूप आग्रह केला, नणंदेनं पैसे भरूनही टाकले. मोठं हॉटेल, एसी हॉल, पांढरे कपडे कंपल्सरी, फी इतकी की त्यात माझ्या वर्षाच्या गोळ्या आल्या असत्या आणि वर मुलाचा क्लास. तीन दिवस. श्वास, संगीत, डोळे मिटून रडणं, रडलं की टाळ्या. पहिल्या दिवशी बरं वाटलं हे मान्य करते, इतक्या लोकांमध्ये मोकळं रडायला मिळालं तर कुणालाही वाटेल. दुसऱ्या दिवशी व्यासपीठावरून सांगितलं की डिप्रेशन म्हणजे अडकलेली ऊर्जा, गोळ्या त्या ऊर्जेला आणखी दाबतात, ज्यांची श्रद्धा पूर्ण आहे त्यांनी आज संध्याकाळी गोळ्यांची पाकिटं इथे आणून ठेवावीत. आणि लोक ठेवत होते हो! माझ्या शेजारच्या ताईंनी ठेवली. अचानक बंद केल्यावर चक्कर, मळमळ, डोक्यात करंट गेल्यासारखं होणं, आणि आजार परत उसळणं, हे सगळं होऊ शकतं, ते सांगायला तिथे कुणी नव्हतं. मी त्या ताईंना बाहेर गाठून एवढंच म्हणाले की डॉक्टरला एक फोन करा आणि मग ठेवा. त्यांनी परत जाऊन पाकीट उचललं. तिसऱ्या दिवशी पुढच्या लेव्हलच्या शिबिराची फी सांगितली. एक स्टार, तोही जेवणाला, जेवण चांगलं होतं, गरम फुलके.

श्रद्धा आणि डिप्रेशन म्हटलं की आपल्याकडे दोनच टोकं दिसतात, एक हे असलं, आणि दुसरं म्हणजे "देवधर्म सगळा बकवास, सायन्सवर विश्वास ठेवा". मला जे मिळालं ते दोन्हीत बसत नाही.

आमच्या सोसायटीच्या मागे विठ्ठलाचं छोटं देऊळ आहे. संध्याकाळी सातला हरिपाठ. मी काही देवभक्त नाही, चतुर्थीला मोदक आवडतात एवढाच माझा धर्म. डॉक्टरांनी रोज संध्याकाळी घराबाहेर पडायला सांगितलं होतं, आणि पार्कात ओळखीचे भेटले की "बारीक झालीस!" म्हणायचे, म्हणून मी देवळाच्या बाजूनं जायला लागले. आत जायचं धाडस नव्हतं, चपला काढणं, बसणं, कुणीतरी बोलणं, सगळंच जास्त वाटायचं. दाराशी उभी राहायचे. ज्ञानदेवांचा हरिपाठ सुरूच मुळात तिथून होतो, देवाच्या दारात क्षणभर उभं राहण्यापासून, हे मला लहानपणापासून पाठ होतं पण डोक्यात कधी शिरलं नव्हतं. आत या असं म्हणतच नाही तो पहिला अभंग. दारात उभं राहा, क्षणभर, बास. रोज क्षणभर मला जमत होतं.

मग एक दिवस एका आजींनी काही न बोलता टाळ हातात दिले. मला वाजवता येत नव्हते, चुकत होते, आणि कुणालाही फरक पडत नव्हता. पाऊण तास लागतो पूर्ण व्हायला. तेवढा वेळ तोंड, हात आणि कान तिघांनाही काम असतं, त्यामुळे डोक्यातली ती कॅसेट, तू निकामी आहेस वाली, तिला जागाच मिळत नाही. बंद होते असं नाही, मागे पडते. विश्वास आहे का, देव आहे का, अर्थ कळतोय का, कुणी परीक्षा घेत नाही. आणि शेवटी सगळे एकमेकांच्या पाया पडतात. हे वारकऱ्यांचं मला सगळ्यात आवडतं. पंच्याहत्तर वर्षांचे बुवा, जे पखवाज वाजवतात, ते वाकून माझ्या पायांना हात लावतात, त्या पायांना, ज्यांच्या मालकिणीला सकाळी पलंगावरून उठणं म्हणजे हिमालय वाटत होता. पहिल्यांदा झालं तेव्हा मी घरी जाऊन खूप रडले, पण ते वेगळं रडणं होतं. हॉटेलातल्या टाळ्यांचं नाही.

ग्रुप आणि हरिपाठ यात मला फार फरक वाटेनासा झालाय. दोन्हीकडे गोल किंवा समोरासमोर असायचं, दोन्हीकडे ठरलेली वेळ, दोन्हीकडे तुम्ही नाही आलात तर कुणी रागवत नाही पण तुमची जागा लक्षात असते. आजी विचारायच्या, "काल न्हवतीस गं," बस. का नव्हतीस हे नाही. आणि दोन्हीकडे पैसे लागत नाहीत, ग्रुपमध्ये डबा फिरतो, देवळात पेटी आहे, कोण किती टाकतं कुणी बघत नाही. ज्या ठिकाणी बरं होण्याच्या लेव्हल विकत मिळतात तिथून मी आता पळते.

हरिपाठाचा एक स्टार का कापला, तर उत्सवात बाहेरून कीर्तनकार आले होते, छान आवाज, पण मध्येच म्हणाले की आजकालच्या बायकांना काम नाही म्हणून डिप्रेशन येतं, आमच्या आईला कुठे वेळ होता. लोक हसले. मी उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्याच आजी म्हणाल्या, "त्याला काय कळतंय, माझी जाऊ विहिरीत गेली तिला का काम नव्हतं?" बायका अशा गोष्टी देवळाच्या पायरीवर बसून अचानक सांगतात, भाजी निवडताना सांगावी तशी. त्यानंतर त्या आणि मी कधीकधी उशिरापर्यंत बसतो.

या गोष्टीवरून आठवलं. हल्ली "तुकोबांना पण डिप्रेशन होतं" असं भाषणात ठोकून द्यायची फॅशन आलीये, त्यांना मी हात जोडते. १६३० च्या आसपासच्या दुष्काळात घरातली माणसं गेली, धंदा बुडाला, माणूस डोंगरावर जाऊन बसायला लागला, हे खरं, अभंगांत त्यांनीच सांगितलंय. पण चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आपण कशाला तपासायला बसायचं. मला त्यात कामाचं वाटतं ते वेगळं, त्यांनी ते लपवलं नाही. भूक, दिवाळखोरी, लोकांत झालेली नाचक्की, सगळं उघड म्हणून टाकलं, आणि आज लाखो लोक तेच टाळ वाजवून गातात. आमच्या शनिवारच्या वर्गात याहून वेगळं काय चालतं?

उलट बाजूचं उदाहरणही सांगते, म्हणजे अध्यात्मानं सगळं बरं होतं असा कुणाचा समज नको. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू बघणाऱ्यांचे ग्रुप, माहिती असेल, आपल्याकडेही मराठीत त्यांच्या मीटिंगा चालतात. १९३५ मध्ये अमेरिकेत अॅक्रन गावात बिल नावाचा शेअर दलाल आणि बॉब नावाचा सर्जन, दोघेही दारूडे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातनं हे उभं राहिलं. पीअर सपोर्टचा, म्हणजे त्यातून गेलेल्यांनीच एकमेकांना आधार द्यायचा, जगभर जो पसारा आहे त्यातला पुष्कळसा तिथून निघालाय, भावनिक त्रासासाठीचे बारा पायऱ्यांचे ग्रुपसुद्धा. त्या पायऱ्यांत "आपल्याहून मोठी शक्ती" आहेच, आणि ती कुठली हे ज्यानं त्यानं ठरवायचं. पण त्याच बिलला दारू सुटल्यानंतर, सगळं जग त्याला गुरू मानायला लागल्यानंतर, १९४० च्या दशकात आणि पुढेही काही वर्षं जबरदस्त डिप्रेशन होतं. देव होता, ग्रुप होता, कीर्ती होती, तरी होतं. काकांनी हे सांगितलं तेव्हा मला इतकं हलकं वाटलं! म्हणजे पुन्हा आलं तर माझी श्रद्धा कमी पडली असं नाही. आजार आहे, येऊ शकतो, गोळी आहे, डॉक्टर आहे.

विपश्यनेबद्दल सगळेच विचारतात म्हणून लिहिते, रिव्ह्यू नाही कारण मी केलेली नाही. इगतपुरीचं धम्मगिरी १९७६ पासून आहे, दहा दिवस, दहाव्या सकाळपर्यंत मौन, पहाटे चारला घंटा, फोन नाही, वाचायला लिहायला काही नाही, फी नाही, शिबिर पूर्ण केल्यावर दान द्यायचं तर द्या. फॉर्ममध्ये मानसिक आजार आणि औषधांबद्दल स्पष्ट विचारतात, ते खरं लिहा, आणि गंभीर आजार असेल तर हे शिबिर त्यासाठी नाही असं ते स्वतःच सांगतात. मी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले आत्ता नको, दहा दिवस एकटीनं स्वतःच्या डोक्याबरोबर बसायची ही वेळ नाही, आधी माणसांत बसा. मला ते पटलं. ज्यांना लाभलं असे दोघं आमच्या ग्रुपमध्येच आहेत, पण ते बरे झाल्यावर गेलेले.

घरच्यांसाठी वेगळा ग्रुप असतो, महिन्यातून एकदा, दुसऱ्या वर्गात. नवरा एकदाच गेला पण त्यानंतर त्यानं "प्रयत्न कर जरा" म्हणणं सोडलं आणि "चहा टाकू का" म्हणायला लागला, माझ्या मते त्या एका मीटिंगला पाच स्टार. सासूबाई आल्या नाहीत, त्यांना देऊळ पुरतं, आणि खरं सांगायचं तर माझ्या चपलांशेजारी रोज आपल्या चपला काढून त्यांनी जेवढं केलं तेवढं बोलून कुणी केलं नसतं. यंदा पालखी पुण्यात मुक्कामाला आली तेव्हा त्या आणि मी नाना पेठेत दर्शनाला गेलो, दुसऱ्या दिवशी हडपसरपर्यंत चाललो. पाय सुजले दोघींचे.

खर्चाचं: ग्रुप आणि हरिपाठ फुकट, पण डॉक्टर आणि गोळ्या फुकट नाहीत, सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत जवळपास फुकट होतं, लाजू नका, तिथले डॉक्टर रोज हेच बघतात. ज्यांचा हेल्थ इन्शुरन्स आहे त्यांनी पॉलिसी उघडून बघा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात म्हटलंय की मानसिक आजाराला विमा शारीरिक आजारासारखाच द्यायचा. ओपीडी बहुतेक पॉलिसीत नसते, ॲडमिट व्हायची वेळ आली तर उपयोगाचं.

कुणी जाऊ नये? ज्यांना आत्ता जिवाचं काही करावंसं वाटतंय त्यांनी शनिवारची वाट बघू नका, आज, आत्ता, डॉक्टर किंवा १४४१६, आणि घरातल्या एकाला उठवा. ज्यांना आवाज ऐकू येतायत किंवा कित्येक रात्री झोपच नाही त्यांनी आधी डॉक्टर, मग ग्रुप. बाकी सगळ्यांनी यावं. पहिल्या तीन मीटिंगा काही कळत नाही, कंटाळा येतो, हे लोक माझ्यासारखे नाहीत असं वाटतं, चौथीला परत ठरवा.

जायचं असेल तर: टू व्हीलर शाळेच्या गेटच्या आत लावू देतात, चारचाकी आणू नका, गल्ली अरुंद आहे. पावणेसहाला पोचा, खुर्च्या मांडायला हात लागतात आणि खुर्च्या मांडताना ओळख सोपी होते. पाण्याची बाटली घरून. पंखा अजून तसाच वाजतो, सांगून झालंय. काका आता दर शनिवारी नसतात, गावाकडे असतात, त्यांच्या जागी ते रिक्षावाले दादा चालवतात, ते घड्याळाच्या बाबतीत फार कडक आहेत, प्रॉपर्टीवाल्या गृहस्थांनाही बरोबर सातव्या मिनिटाला थांबवतात.